हिवाळ्यात कॅरव्हॅन घेऊन सातपुडा: सारंगखेडा, तोरणमाळ, मोलगी, डाब. दोघंच आहोत, सल्ला हवा

अमळनेरकरीण

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आम्ही नवरा-बायको दोघंच, मुलं पुण्याला. हे रिटायर झाले तेव्हापासून डोक्यात होतं ते आता केलं, सेकंडहॅन्ड ट्रॅव्हलर मिनीबस घेतली आणि तिची कॅरव्हॅन करून घेतली. आरटीओ पासिंग कॅरव्हॅन म्हणूनच झालंय, इन्शुरन्सही तसाच काढलाय, त्यामुळे कागदांची काळजी नाही. मागे आडवा बेड, गॅसची शेगडी, सिंक, पोर्टेबल टॉयलेट, छतावर सोलर, दीडशे लिटरची पाण्याची टाकी. उंची छतावरच्या सामानासकट दहा फुटांच्या आसपास जाते.

जो भेटतो तो म्हणतो हिवाळा आहे तर हिमाचलला न्या, बर्फ बघा. बर्फ बघूच कधीतरी. पण माझं माहेर चोपड्याचं, सातपुडा समोर ठेवूनच मोठी झाले आणि तरी त्या डोंगरात मुक्कामाला म्हणून कधी गेले नाही, मनुदेवीला जायचं, दर्शन घ्यायचं, डबा खायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी. म्हणून पहिली मोठी ट्रिप आपल्याच डोंगरात करायची असं दोघांनी ठरवलंय.

प्लॅन असा की दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार, तिथून शहादा, मग तोरणमाळला दोन-तीन रात्री, मग धडगाव, मोलगी, डाब. डाबला पहाटे दव गोठून गवतावर पांढरा थर बसतो असं थंडी वाढली की पेपरात येतं, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय. येताना बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने पायथ्यापायथ्याने शिरपूर, चोपडा, यावल करत घरी.

एवढी गाडी तोरणमाळच्या घाटात निभेल का, रात्री लावायची कुठे, फॉरेस्टची परवानगी लागते का आणि मुख्य म्हणजे थंडीचं काय करायचं? ह्यांना थोडा दम्याचा त्रास आहे, रात्री गारठा सोसत नाही, हीटर लावावा तर बॅटरी पुरेल का ते कळत नाही. गाडी हेच चालवतात, मला कार येते पण ही नाही. ज्यांनी खरंच त्या रस्त्याने मोठी गाडी नेलीय त्यांनी सांगा प्लीज.

---

शहाद्याचा_सारथी

ताई, आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर, तोरणमाळला एसटी जाते म्हणजे तुमची ट्रॅव्हलर जाणार, त्याची धास्ती घेऊ नका. शहादा, म्हसावद, राणीपूर आणि मग घाट, शहाद्याहून सगळं मिळून पन्नास-पंचावन्न किलोमीटर धरा. पण पॅसेंजर गाडी आणि घर भरलेली गाडी ह्यात फरक पडतो तो मी सांगतो कारण माझं आयुष्य ह्याच घाटात गाडी वरखाली करण्यात चाललंय.

पहिलं म्हणजे वजन. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, म्हणजे दोन माणसं जास्तीची आणि तीही टाकीत हलणारी. चढताना टाकी पाव भरून ठेवा, वर गावात पाणी मिळतं. गव्हाचं पीठ, तांदूळ, सिलेंडर, टूलबॉक्स हे सगळं खाली फ्लोअरला आणि शक्यतो मागच्या एक्सलच्या पुढे, वरच्या कपाटात फक्त कपडे. वरचं वजन वळणावर गाडीला बाहेर ओढतं, ड्रायव्हरला ते स्टिअरिंगमध्ये लगेच जाणवतं.

सात पायरीच्या घाटात वळणं लागोपाठ येतात, एक संपलं म्हणेपर्यंत दुसरं. वळणावर मान वर करून वरच्या रस्त्याकडे बघायची सवय लावा, एसटी किंवा जीप उतरताना दिसली की अलीकडेच जरा रुंद जागा बघून थांबायचं, वळणात तोंडाला तोंड आलं तर मागे घेताना तुमच्या गाडीचा मागचा भाग कठड्याला लागेल. चाकाच्या मागे तीन-चार फूट बॉडी असते ना ती वळताना बाहेर फेकते, हे काकांना दोन-चार वेळा रिकाम्या मैदानात डबे ठेवून करून बघू द्या.

आणि उतरताना, हे नीट वाचा, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. सेकंड तर सेकंड. पाय ब्रेकवर ठेवून उतरू नका, दाबा-सोडा दाबा-सोडा करा. जळका वास आला किंवा ब्रेक पेडल खोल जायला लागलं तर बाजूला घ्या आणि अर्धा तास गाडी तशीच उभी ठेवा, चहा करा, पण तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, लोक मारतात आणि तडा जातो.

तिसरी गोष्ट ह्या सीझनची. डिसेंबर-जानेवारी म्हणजे ऊसतोड. शहादा, प्रकाशा, तळोदा हा सगळा उसाचा पट्टा, संध्याकाळनंतर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तरी उसाच्या पाचटाने झाकलेला. घाटापेक्षा मला ह्या सपाट रस्त्याची भीती जास्त वाटते. पाचनंतर गाडी चालवायचीच नाही असा नियम करा, मुक्कामाची जागा चार वाजता ठरलेली पाहिजे.

तोरणमाळहून डोंगरातून धडगावकडे उतरायचं डोक्यातसुद्धा आणू नका. परत शहाद्याला खाली या, प्रकाशा, तळोदा करत अक्कलकुव्याला जा आणि तिथून देवगोई घाटाने मोलगी. तळोद्याकडून चांदसैली घाटाने धडगाव जवळ दिसतं नकाशात पण तो घाट अरुंद आहे, उभा आहे, पावसाळ्यात दरडी येतात आणि त्यांचा राडा पुढे किती दिवस रस्त्याच्या कडेला राहतो.

आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर मोलगी, डाबला ही गाडी नेऊच नका. अक्कलकुव्याला लावा आणि जीपने जा.

---

व्हॅनवाला_भुसावळ

मी स्वतः गाड्या फिट करतो, कॅम्परची वायरिंगची कामं बरीच केलीत, त्यामुळे थंडीचा प्रश्न माझ्याकडे.

हीटरचा हिशोब साधा आहे. एक हजार वॅटचा हीटर बारा व्होल्टच्या बॅटरीतून ओढायचा म्हणजे ऐंशी अँपिअरच्या वर करंट, म्हणजे शंभर अँपिअर-अवरची बॅटरी तासाभरात झोपली. सोलरवर भिस्त ठेवू नका, डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य पंचेचाळीस अंशावरच असतो, छतावर आडव्या पडलेल्या पॅनलला सरळ उन्हाच्या सत्तर टक्के मिळालं तरी खूप, आणि डोंगराच्या सावलीत गाडी लावली तर तेही नाही. बॅटरी लाइट, मोबाइल, पाण्याचा पंप आणि छोटा पंखा एवढ्यासाठी ठेवा. झोपायला जाड गोधड्या, खाली फोम, पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी, सातपुड्याच्या थंडीला एवढं पुरतं. सात-आठ डिग्रीत माणूस गोधडीत मजेत झोपतो, त्रास होतो तो ओलीचा.

आता ओल म्हणजे काय ते सांगतो कारण दमा आहे म्हणालात. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात त्यातून अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत जातं, बंद गाडीत ते जाणार कुठे, काचेवर, पत्र्यावर आणि सगळ्यात वाईट म्हणजे गादीच्या खाली. सकाळी काच पुसून माणूस खूश होतो आणि गादी उचलून बघत नाही, चार रात्रींत फळीला बुरशी. दमेकऱ्याला थंडीपेक्षा ही बुरशी जास्त वाईट. त्यामुळे दोन खिडक्या समोरासमोरच्या बोटभर उघड्या ठेवायच्याच, कितीही थंडी वाजो, आणि छतावरचा व्हेंट असेल तर तोही. गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी टाका, किंवा निदान काथ्याची चटई, हवा खेळली पाहिजे. सकाळी ऊन आलं की गादी उभी करून ठेवा. रात्री आत भात शिजवायचा नाही, कुकरच्या शिट्ट्या बाहेर.

आणि आता हात जोडून सांगतो. गाडीत शेगडी, कोळशाची सिगडी, निखाऱ्याची पाटी काहीही ऊब मिळावी म्हणून ठेवून झोपू नका. कोळसा वरून राखेने झाकला, विझल्यासारखा दिसला तरी कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. गॅसची शेगडी पेटती ठेवून ऊब घेणंही तसंच. बंद खोलीतल्या गॅस गिझरने आपल्याच भागात माणसं गेलीत, गाडी तर खोलीपेक्षाही लहान. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, बॅटरीवर चालतो, बेडच्या उंचीवर लावा आणि निघण्याआधी बटण दाबून वाजतो का बघा.

सिलेंडर उभा, पट्ट्याने बांधलेला, आणि गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. एलपीजी हवेपेक्षा जड असतो म्हणून गळती झाली तर तो फ्लोअरवर साचतो, त्यासाठी कप्प्याच्या तळाला भोक असतं, ते पायपुसणं टाकून बुजवू नका.

---

अक्राणीकर

ताई, मी धडगाव तालुक्यातला, नोकरीला नंदुरबारला. शहाद्याच्या दादांचं घाटाबद्दलचं सगळं मान्य पण मोलगीला गाडी नेऊच नका हे मला पटत नाही. देवगोई घाटातून रोज एसटी जाते, ट्रक जातात, मोलगी मोठं बाजाराचं गाव आहे, डोंगरातला भगर आणि बाकी माल तिथे येतो. दिवसाउजेडी, रिकाम्या टाकीने, हळू गेलात तर ट्रॅव्हलर मोलगीपर्यंत जाईल. मोलगीहून पुढे डाबला मात्र जीपच करा, तिथे मी दादांच्या बाजूने.

डाबचं म्हणाल तर ते गाव डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात आहे आणि दव तिथेच का गोठतं त्याचं कारणही तेच. थंड हवा जड असते, रात्री आभाळ मोकळं असलं की डोंगर उष्णता सोडतात आणि गार झालेली हवा उतारावरून घरंगळत खाली येऊन वाटीत दूध साचावं तशी साचते. त्यामुळे जमिनीलगत गवतावर पारा शून्यावर येतो आणि तुमच्या गाडीतलं थर्मामीटर चार-पाच दाखवत असतं, दोन्ही खरं असतं. ढग आले किंवा वारा सुटला की थर बसत नाही, म्हणून एका रात्रीवर जाऊ नका, दोन पहाटा हाताशी ठेवा. दिसतं ते उजाडायच्या आधीपासून ऊन पडेपर्यंत. गवत, भाताचा पेंढा, जीपचं टप, उघड्यावर ठेवलेली भांडी, सगळ्यावर मिठासारखं बारीक. ऊन आलं की पाच-दहा मिनिटांत पाणी.

ह्यातूनच मुक्कामाची जागा कशी बघायची तेही कळेल. तोरणमाळला यशवंत तलाव बघितला की सगळ्यांना वाटतं काठावरच गाडी लावू, पण सखल जागा आणि पाण्याची ओल, काकांना पहाटे छातीत भरून येईल. जरा वर, उतारावर, जिथे सकाळचं ऊन लवकर येतं अशी पूर्वेला मोकळी जागा बघा. दहा-पंधरा मीटर वर चढलं तरी दोन डिग्रीचा फरक अंगाला कळतो. पर्यटन निवासाच्या आवारात विचारून लावता आली तर उत्तम, टॉयलेट आणि पाण्याचाही प्रश्न सुटतो.

परवानगीचं असं, रस्ता आणि गावं सोडून बाजूला सगळं राखीव जंगल आहे, तिथे मनाने गाडी घुसवून मुक्काम करायचा नाही आणि शेकोटी तर नाहीच, ह्या दिवसांत गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. परत येताना यावलच्या अभयारण्यात, पाल गावाकडे जाणार असाल तर तिथेही रात्री आत थांबायचं नाही, फॉरेस्टच्या लोकांशी आधी बोलून घ्या. गावात थांबायचं तर पोलीस पाटील किंवा सरपंचाला भेटा, कुठून आलो, किती दिवस, एवढं सांगा. माणसं मोकळी आहेत, पोरं गाडी बघायला गोळा होतील, दार उघडून दाखवा त्यांना. पण एक मनापासून विनंती, बायामाणसांचे, घरांचे फोटो न विचारता काढू नका. होळीला काठी गावाला लोक येतात आणि माणसांच्या तोंडासमोर कॅमेरे धरतात, आमच्या लोकांना ते आवडत नाही, ते फक्त बोलून दाखवत नाहीत. आणि देवीची जागा असेल, डाब हे याहामोगी मातेचं ठिकाण मानतात, तिथे चपला काढून, शांतपणे.

डिझेल शहाद्याला किंवा अक्कलकुव्याला फुल करूनच वर या. फोनची रेंज येते-जाते, नर्मदेच्या बाजूला गेलात तर कधी गुजरातचं, कधी एमपीचं नेटवर्क पकडतं, त्यामुळे नकाशा आधीच डाउनलोड करा आणि घरी मुलांना सांगून ठेवा की अमुक वेळेला फोन लागला नाही तरी घाबरू नका.

---

शहाद्याचा_सारथी

अक्राणीकर भाऊ, एसटी जाते हे खरं पण एसटीचा ड्रायव्हर त्या घाटात रोज आहे आणि काका पहिल्यांदाच. एसटीत गॅसचा सिलेंडर नाही, वरची कपाटं नाहीत. माझं म्हणणं एवढंच की काकांनी आधी तोरणमाळ करावं, खाली उतरताना हात कसा बसतो ते बघावं आणि मग देवगोईचं ठरवावं. आधीच मोलगी फिक्स करून बसलं की माणूस मनाविरुद्ध चढत राहतो.

---

अक्राणीकर

हे बरोबर बोललात दादा. तोरणमाळ उतरल्यावर शहाद्यात एक रात्र ठेवा ताई, ब्रेक दाखवून घ्या, मग ठरवा.

---

चोपड्याची_काकू

अगं तू माहेरची निघालीस की. आम्हीपण दोघंच फिरतो, गाडी लहान आहे आमची, मारुतीची व्हॅन, पण झोपायची सोय केलीय. कोणी सांगत नाही ते मी सांगते.

टॉयलेटचं आधी. पोर्टेबल टॉयलेट आहे ते छान, पण ते नाल्यात, झऱ्यात, विहिरीजवळ रिकामं करायचं नाही म्हणजे नाही. डोंगरात तोच झरा खाली गावाचं प्यायचं पाणी असतो. दोन दिवसांनी खाली उतरून पंपावर किंवा लॉजवर विचारून रिकामं करा, पन्नास रुपये जास्त द्या. रात्री मात्र गाडीतच वापरायचं, अंधारात खाली उतरायचं नाही, आपल्या वयात एक घसरणं महागात पडतं आणि जंगलात विंचू-काटा आहेच.

अंघोळीचं म्हणशील तर रोज गाडीत नकोच, किती ओल होते बघितलंस ना वर. उनपदेवला कर. शहाद्याकडे दरा गावाजवळ एक उनपदेव आहे आणि आपल्या अडावदचं तर तुला माहीतच आहे, गायमुखातून कढत पाणी पडतं, थंडीत त्याच्याखाली उभं राहायचं, अंगातला सगळा शीण उतरतो. सकाळी लवकर जा, नंतर गर्दी.

नंदुरबार गावातून जायची वेळ आली तर जपून, ह्या दिवसांत बाहेरच्या मोकळ्या रानात मिरचीच्या पथारी असतात, लालच लाल, बघायला सुंदर दिसतं पण वारा सुटला की ठसका लागतो, दम्याच्या माणसाने काच खाली करून तिथे थांबू नये. इनहेलर ड्रायव्हरच्या हाताशी, बेडच्या कपाटात नाही. आणि तोरणमाळ काही फार उंच नाही, साडेअकराशे मीटरच्या आसपास, श्वासाला उंचीचा त्रास होणार नाही, गारठा आणि धूळच सांभाळायची.

आता तुमच्या दोघांचं. हे गाडी चालवणार म्हणजे तू नुसती बसणार असं करू नकोस. डावीकडची बाजू तुझी. कठडा किती लांब, फांदी किती खाली, समोरून काय येतंय, हे शांत आवाजात सांगायचं. "अहो अहो अहो" करून ओरडलं की त्यांचा पाय ब्रेकवर जातो आणि वळणात तेच नको असतं. आमच्यात आम्ही शब्दच ठरवून टाकले, "थांबा" म्हणजे लगेच थांबायचं, बाकी कशालाही थांबायचं नाही, "जागा आहे" म्हणजे जाऊ द्या. दहा फूट उंची आहे तर फांद्या आणि विजेच्या लोंबत्या तारा ह्यांवर नजर तुझीच. खाली सपाटीला रेल्वेच्या बोगद्यावजा पुलाखालून जायची वेळ आली तर आधी खाली उतरून उंचीची पाटी वाच. आणि शेतात, मोकळ्या रस्त्यावर तूही थोडी चालवायला शीक, घाट चढायला नाही, त्यांना कुठे बरं वाटलं नाही तर पाच किलोमीटर पुढे गाडी नेता आली पाहिजे एवढ्यासाठी.

जेवायचं काय करणार आहात? एक संध्याकाळ भरीताची ठेव. वांगी बामणोदची किंवा असोद्याची घरूनच ने, वरची बाजारातली नकोत. मोकळ्या शेतात, मालकाला विचारून, तुरखाट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) नाहीतर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या पेटवायच्या, मोठ्या लाकडाचा जाळ नको, वांगं बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. काडीचा जाळ भरभर असतो, वांगं फिरवत राहायचं, साल तडतडली आणि देठाजवळ बोट दाबून मऊ लागलं की झालं. मग बडजीत, म्हणजे भरीत कुटायच्या लाकडी भांड्यात, कुटायचं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून कोथिंबीर, आणि कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. हिरवी मिरची तेलात टाकली की गाडीभर खाट (ठसका) होते म्हणून फोडणी बाहेरच. जंगलात हे करायचं नाही, वर भाऊंनी सांगितलंय, खाली शिरपूर-चोपड्याच्या शेतातच. आमच्या शेतात या, रस्त्यालगत आहे, गाडी आत येते.

बठ्ठं, सगळं सामान दोन दिवस आधी लावून ठेव, एक रात्र घरासमोर अंगणातच गाडीत झोपून बघा. काय नाही ते तेव्हाच कळतं.

---

धुळे_ते_दिल्ली

माझं थोडं वेगळं. हिमाचल पुढच्या वर्षीसाठी डोक्यात असेल तर धुळ्याहून राष्ट्रीय महामार्ग 52 धरायचा, सेंधवा, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत तो सरळ पंजाबात संगरूरला निघतो, कॅरव्हॅनला सोपा रस्ता. सुरुवातीला शिरपूरच्या पुढे बिजासन घाट लागतो, तोही हा सातपुडाच.

फक्त तिथली थंडी वेगळी आहे हे लक्षात असू द्या. अटल बोगदा 2020 मध्ये झाला, नऊ किलोमीटरचा, त्यामुळे लाहौलला हिवाळ्यातही जाता येतं, पण बर्फ पडला की साध्या गाड्या अलीकडेच थांबवतात आणि पुढे फोर बाय फोर किंवा टायरला चेन लागते. ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली गेलं की वायू व्हायचंच थांबतं, म्हणून आपला घरगुती सिलेंडर तिथे कडाक्यात मंद जळतो. पाण्याची टाकी, पाइप गोठतात, लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर खराब होते. इकडून डिझेल भरून वर गेलात तर मेण धरून फिल्टर चोंदतो, लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे तेहतीसपर्यंत चालणारं वेगळं डिझेल काढलं ते ह्याच कारणाने. तेव्हा सातपुड्यात जी ओल, जो हिशोब शिकाल तो सगळा तिकडे कामाला येईल, पण गाडीची तयारी नव्याने करावी लागेल.

---

अमळनेरकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार, हे शेजारी बसून वाचून राहिलेत आणि वहीत लिहून घेतायत.

ठरलं ते असं. मोलगीचं आधी फिक्स करत नाही, तोरणमाळ उतरून शहाद्यात एक रात्र, ब्रेक दाखवून मग बघू. डाब जीपनेच, दोन पहाटा ठेवून. हीटरचा नाद सोडला, अलार्म मागवलाय, गादीखालची जाळी इथल्या सुताराला सांगितली. तलावाच्या काठी लावायचं अगदी मनात होतं, बरं झालं विचारलं. काकू, भरीताला येतो, वांगी मी आणते, तुम्ही फक्त बडजी काढून ठेवा.

एकच राहिलं, सारंगखेड्याला यात्रेत गाडी कुठे लावायची? आणि रात्री तिथे थांबणं बरं का?

---

शहाद्याचा_सारथी

दत्तजयंतीच्या दिवशी सकाळी पोचायचा प्लॅन करू नका ताई, एकमुखी दत्ताच्या दर्शनाची गर्दी, घोडेबाजाराची गर्दी, दोन्ही एकदम. आदल्या दिवशी दुपारी या. दोंडाईचाकडून येणार असाल तर तापीच्या पुलावरची वाहतूक चालू आहे की वळवलीय ते दोंडाईचातच विचारून घ्या, मोठ्या गाडीला ऐनवेळी फिरवायला जागा नाही मिळत.

घोड्यांच्या तळापासून लांब लावा, एक तर रात्रभर हलगी आणि स्पीकर, दुसरं म्हणजे घोडे तुमच्या गाडीच्या लाइटला बुजतात, पंजाब-राजस्थानकडून आलेली लाखांची जनावरं असतात, मालक उगाच भांडायला येतो. धूळही खूप असते तिथे, काकांना नको. घोडे बघायला सकाळी सात-आठला जा, तेव्हा खरारा चाललेला असतो, मालक निवांत असतात, विचारलं तर चाल करून दाखवतात. मुक्काम मात्र पुढे शहाद्यात करा, तासाभरापेक्षा कमी रस्ता आहे, फक्त ऊन असतानाच निघा.

शहाद्यात आलात की टायरची हवा गार टायरवर बघून घ्या, भरलेल्या गाडीला मागच्या चाकांत जास्त लागते, किती ते दाराच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. स्टेपनीचीही बघा, वर म्हसावदच्या पुढे पंक्चरवाला मिळेलच असं नाही.